दोन दंगली आणि मोहल्ला कमिट्या
(निवेदन)

[धामणकर नाका, सकाळ. रिक्षा, टेम्पो, सुताचे बीम वाहणाऱ्या हातगाड्या.]

रात्रपाळी सुटतेय, दिवसपाळी आत चाललीय. भिवंडीत माग दिसायच्या आधी ऐकू येतो.

[यंत्रमागाची शेड, आतून.]

पत्र्याच्या शेडमध्ये मागांची ओळ, आणि दोन मागांच्या मधून माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल एवढी वाट. हा धोटा बघा, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा. या टोकाला सुटतो, त्या टोकाला आदळतो, मिनिटाला शंभरावर फेऱ्या. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबवायचा, नवी कांडी बसवायची, तुटलेला धागा बोटानं ओढून गाठ मारायची आणि माग पुन्हा सोडायचा. तोवर शेजारचा माग थांबलेला असतो. बारा तास हेच काम.

[गल्ल्या, वरून.]

शहराचं क्षेत्रफळ 26 चौरस किलोमीटरच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 7 लाख 9 हजार. एका चौरस किलोमीटरमध्ये साधारण 27 हजार माणसं. एकाच्या खिडकीतून दुसऱ्याचं ताट दिसतं. विणणारे मोमीन-अन्सारी, पद्मानगरचे तेलुगू पद्मशाली, सूत आणि कापडाचे मारवाडी-गुजराती व्यापारी, जुने आगरी आणि कोळी, बिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत जेवणारे उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे. यातला कुणीही एकटा धंदा करू शकत नाही.

तरीही हे शहर दोनदा जळलं.

[जुनी वर्तमानपत्रं, जळालेले माग.]

7 मे 1970. शिवजयंतीची मिरवणूक निघाली आणि भिवंडी पेटली. आग जळगाव आणि महाडपर्यंत गेली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगानं चौकशी केली. मे 1984 मध्ये पुन्हा तेच, आणखी मोठं. भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेहून जास्त माणसं गेली. लष्कर बोलवावं लागलं. भिवंडीतल्या अन्सारी बागेत माणसं जिवंत जाळली गेली.

[छायाचित्रं. निवेदन नाही.]

1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे इथं आले. तेव्हा भिवंडी म्हणजे पोलिसांच्या भाषेत ‘संवेदनशील’. त्याचा अर्थ जादा कुमक, नाकाबंदी, खबरे आणि सणावाराला गुंडांची धरपकड. खोपड्यांनी जुन्या दंगलींचा अभ्यास केला. दंगल काही फक्त गुंड करत नाहीत. एरवी शांतपणे जगणारा माणूस घाबरतो, अफवेवर विश्वास ठेवतो, आणि मग एक तर हातात दगड घेतो, नाही तर दार लावून घेतो. त्या माणसाशी पोलिसांचा एरवी संबंधच येत नव्हता. चौकीची पायरी तो चढायचा ती अडचणीत सापडल्यावरच.

[गैबीनगर, निजामपूर, भोईवाडा. ओटे, चहाच्या टपऱ्या.]

म्हणून मोहल्ला कमिटी. सगळ्या शहरात मिळून सुमारे 70 कमिट्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान, दोन्हीकडचे सारखे. पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं जास्त. बैठका ठरावीक काळानं, सण असो वा नसो. आणि बैठक घ्यायची जबाबदारी पोलिसांवरच. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोठ्या साहेबानं वर्षातून एकदा येऊन भाषण करण्याऐवजी चौकीतल्या पोलिसानं आपल्या भागातल्या माणसांना नावानं ओळखायचं, असा हा सगळा प्रकार होता.

बैठकीत काय बोलायचे? नळाला पाणी नाही. कचरा उचलला नाही. रिक्षाला रिक्षा घासली, पोरांची मारामारी झाली, भोंग्याचा आवाज. दंगलींचा इतिहास काढून बघा, पुष्कळ वेळा सुरुवात एवढ्याशा भांडणातूनच होते. तेच भांडण सतरंजीवर बसून तिथल्या तिथं मिटलं, तर त्याला धर्माचा रंग चढायला वेळच मिळत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. अफवा आली की खरं काय ते पलीकडच्या गल्लीत कुणाला विचारायचं, हे लोकांना माहीत झालं. आधी विचारायला माणूसच नव्हता.

पोलिसांच्या खात्यात या कामाची नोंद कुठल्या रकान्यात करणार? न घडलेल्या गुन्ह्याला नंबर पडत नाही. खोपड्यांची बदली झाली, पण त्यांच्यानंतर आलेल्यांनी कमिट्या चालू ठेवल्या, आणि त्याचं मोल कमी नाही.

[6 डिसेंबर 1992 नंतरची मुंबई. जुनं चित्रीकरण.]

बाबरी मशीद पडली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीतल्या दंगलींत 900 माणसं मेली, हा त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. भिवंडी शांत राहिली. ज्या शहराची सगळ्यांना धास्ती होती, ते शहर.

[मुंबईच्या मैदानावर क्रिकेट. पोलीस आणि मोहल्ल्यातली पोरं.]

1994 मध्ये मुंबईतही मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, शांततेसाठी काम करणाऱ्या सुशोभा बर्वे यांनी ती उभी केली. पोलिसांबरोबर पोरांचे सामने लागले.

[पुन्हा भिवंडी. कोटरगेट.]

जुलै 2006. इथं, कब्रस्तानाशेजारी पोलीस ठाणं बांधायला विरोध झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले, आणि त्याच रात्री जमावानं दोन पोलिसांना ठार मारलं.

[पोलीस ठाणं. शांतता समितीची बैठक. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हार, माइक.]

आता सणाच्या तोंडावर भरते ती शांतता समिती. पुढच्या रांगेत पक्षांचे पदाधिकारी, मंडळांचे अध्यक्ष. सूचना वाचल्या जातात, सहकार्याचं आश्वासन दिलं जातं, चहा होतो. हे व्हावंच, त्याला कुणाची ना नाही. पण या खोलीत मागावरचा कामगार कुठं आहे? बिशीत वाढणारी बाई कुठं आहे? रिक्षावाला? मोहल्ला कमिटी उभी राहिली होती ती यांच्या जोरावर. ती पुन्हा उभी करायला नवा कायदा लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. चौकीतल्या हवालदाराला बंदोबस्तातून महिन्याची एक संध्याकाळ मोकळी करून द्यावी लागते.