बर्फाला भोक पाडणारी माणसं

[ड्रोन शॉट. सगळं पांढरं, मधोमध आठ-दहा ठिपके]

हे जे सपाट पांढरं दिसतंय ना, ती जमीन नाहीये. खाली समुद्र आहे. म्हणजे हे तंबू, तो जनरेटर, ती स्नोमोबाईलची रांग, सगळं तरंगतंय, फक्त मध्ये काहीशे मीटर जाड बर्फ आहे म्हणून कुणाला जाणवत नाही. भरती आली की अख्खा कॅम्प वर उचलला जातो, ओहोटीला खाली येतो, आणि टेबलावरच्या कपातलं पाणीसुद्धा हलत नाही. जीपीएसला मात्र बरोब्बर कळतं.

याला आईस शेल्फ म्हणतात. अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ स्वतःच्याच वजनाने समुद्राकडे सरकत येतो, किनारा ओलांडतो, आणि लगेच तुटून न पडता तसाच पाण्यावर पसरून राहतो. जिथे तो जमीन सोडून तरंगायला लागतो त्या रेषेला ग्राउंडिंग लाईन म्हणायचं, हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सगळ्यात मोठं रॉस आईस शेल्फ, जवळजवळ फ्रान्सएवढं. 1841 मध्ये जेम्स क्लार्क रॉस जहाजं घेऊन इथे पोचला तेव्हा समोर बर्फाची उभी भिंत, संपतच नाही. बरीच वर्षं लोक तिला नुसतं बॅरियर म्हणायचे. आडवी आली म्हणून बॅरियर, संपलं.

[फावड्यांचा क्लोजअप. मागे बर्नरचा आवाज]

तर हे चाललंय ते स्वयंपाकासाठी नाही. हा बर्फ वितळवून पाणी करायचं, ते बर्नरवर ऐंशी-नव्वद डिग्रीपर्यंत तापवायचं, आणि मग त्याच गरम पाण्याने बर्फाला भोक पाडायचं. हॉट वॉटर ड्रिल. ड्रिल म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर फिरणारं पातं येतं, इथे तसलं काही नाही, एक लांबच लांब होज आणि तिच्या टोकाला वजनदार नळी, तिच्यातून गरम पाण्याची धार खाली सुटते, बर्फ वितळतो, नळी आपल्या वजनाने खाली उतरते. वजन कशाला, तर भोक सरळ जावं म्हणून. विंचवर, म्हणजे होज सोडणाऱ्या-गुंडाळणाऱ्या यंत्रावर, बसलेल्या माणसाने घाई करून होज जास्त सोडली तर नळी खालच्या बर्फावर टेकते, तिरकी होते, आणि तिरकं गेलेलं भोक म्हणजे सगळं पहिल्यापासून. म्हणून तो माणूस असा मख्ख चेहऱ्याने आकड्याकडे बघत बसलाय. होजवर किती ताण आहे त्याचा तो आकडा.

दिवसरात्र शिफ्टमध्ये काम. सूर्य मावळतच नाही त्यामुळे रात्र हा शब्द फक्त घड्याळापुरता. आणि थांबायची सोय नाही, कारण आतला बर्फ शून्याच्या खूप खाली असतो, गरम पाणी थांबलं की भोक आतून आवळायला लागतं. सहाशे मीटर खाली जायचं, तेवढ्यात वरचं अरुंद झालं तर होजच अडकली.

[विंचचा आकडा. अचानक उडी]

हे बघा. पुन्हा दाखवतो. आकडा उडाला तो क्षण. नळी बर्फाच्या तळातून आरपार गेली, खाली समुद्र लागला, भोकातल्या पाण्याची पातळी झटकन समुद्राच्या पातळीला आली. आणि ती पातळी काही वर तोंडाशी नसते बरं का, बर्फाचा जेवढा भाग पाण्याबाहेर तरंगतो तेवढं खाली, म्हणजे सहाशे मीटर जाडी असेल तर साठेक मीटर तरी खाली. वाकून बघितलं तर नुसता काळोख. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, दोघं फक्त होज गुंडाळायला पळाले.

[भोकातून कॅमेरा खाली जाताना]

आता हा प्रवास मी कापणार नाहीये, लांब वाटला तरी. आधी पांढरं, मग निळं, मग अजून गर्द निळं. शेवटी भिंत संपते आणि दिव्याच्या उजेडात पाण्यातले कण तरंगताना दिसतात.

इथे खाली जगणं शक्य आहे असं खूप वर्षं कुणी धरूनच चालत नव्हतं. 1977 च्या सुमाराला रॉस आईस शेल्फला चारशे मीटरवर जाड बर्फातून भोक पाडलं तर खाली मासे आणि कोळंबीसारखे जीव मिळाले. जानेवारी 2015 मध्ये त्याच शेल्फवर, मोकळ्या समुद्रापासून साडेआठशे किलोमीटर आत, 740 मीटर बर्फाच्या खाली, जेमतेम दहा मीटर पाण्यात कॅमेऱ्यासमोरून मासा गेला. अंगातून आरपार दिसेल असा. आणि 2010 मध्ये तर शेल्फच्या तळालाच समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे सी ॲनिमोन नावाचे प्राणी, सापडली, बर्फात बिळं करून, उलटी लटकलेली. शोधायला गेले नव्हते कुणी, रोबोटची चाचणी चालली होती.

पण ग्लेशिऑलॉजिस्टला, म्हणजे हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्याला, मासा बोनस. त्याला बघायचंय ते वर. बर्फाचा तळ.

[बर्फाचा तळ, खालून]

कारण तरंगणारा बर्फ गेला म्हणून समुद्र फारसा चढत नाही, तो आधीच पाण्यात आहे. भानगड वेगळी आहे. हे शेल्फ म्हणजे गाडीच्या दारात ठाण मांडून उभा राहिलेला माणूस, स्वतः हलत नाही आणि मागच्यांनाही पुढे येऊ देत नाही. दोन्ही बाजूंनी खडकाला घासतं, खाली समुद्रतळाच्या उंचवट्यांवर टेकतं, त्या घासण्यामुळे मागच्या हिमनद्यांना लगाम बसतो. 2002 मध्ये अंटार्क्टिकाच्याच लार्सन बी शेल्फचा सव्वातीन हजार चौरस किलोमीटरचा भाग महिन्याभरात भुगा झाला, आणि मागच्या काही हिमनद्या आधीपेक्षा कित्येक पट वेगाने धावायला लागल्या. तिथे वर साचलेलं वितळपाणी भेगांतून आत घुसलं होतं. बाकी अनेक ठिकाणी मात्र मार खालून बसतो, उबदार पाण्याचा. उबदार म्हणजे काय, शून्याच्या वर एखादी डिग्री. पण खोलवर दाबामुळे बर्फाचा वितळणबिंदू आणखी उतरतो, त्यामुळे तेवढंही पुरतं.

सॅटेलाईट वरून सगळं बघतो, उंची मोजतो, वेग मोजतो, पण शेल्फच्या पोटाखाली त्याला दिसत नाही. यासाठीच हे भोक. मला हे दहा वेळा सांगावंसं वाटतं कारण बातमी होते ती फक्त मोठा तुकडा तुटल्याची. 2017 च्या जुलैमध्ये शेजारच्या लार्सन सी शेल्फपासून ए-68 नावाचा हिमखंड सुटला, 5800 चौरस किलोमीटर, सगळीकडे तोच फोटो. अहो, शेल्फ कडेला तुटतातच, नखं कापल्यासारखं आहे ते. नख वाढतंय त्यापेक्षा जास्त कापलं जातंय का, हे बघायला कुणीतरी इथे येऊन बसावं लागतं.

[जुनं फुटेज: थ्वेट्स, पिवळा रोबोट]

जानेवारी 2020, पश्चिम अंटार्क्टिकातली थ्वेट्स हिमनदी, ग्राउंडिंग लाईनच्या जवळ. भोक तीस सेंटीमीटर रुंद, जवळपास सहाशे मीटर खोल, आणि त्यातून आईसफिन नावाचा हा साडेतीन मीटर लांब पेन्सिलीसारखा रोबोट सोडला. सपाट तळाखाली बर्फ अपेक्षेपेक्षा हळू वितळत होता, वितळलेलं गोडं पाणी तिथेच थर करून राहतं आणि खालच्या खाऱ्या पाण्याला वर येऊ देत नाही, स्वतःचंच पांघरूण. पण तोच तळ जिथे भेगांनी आणि पायऱ्यांनी तुटलाय, तिथल्या उभ्या भिंती भराभर झिजतायत. सरासरी काढली असती तर हे निसटलं असतं. थ्वेट्स अख्खी गेली तर जगभरचा समुद्र साठेक सेंटीमीटर चढेल, हे आलंच. पुढे.

[बर्फात रडार पुरताना]

दोन अँटेना, एक डबा, बॅटरी. हा रडार रेडिओ लहर खाली सोडतो, ती तळावर आपटून परत येते, त्यावरून जाडी. वर्षभराने पुन्हा मोजायचं आणि फरक बघायचा, मिलिमीटरचासुद्धा कळतो. वरून पडलेलं हिम आणि बर्फ ताणला गेल्यामुळे आलेला पातळपणा आतल्या थरांवरून वेगळा काढता येतो, उरतं ते तळाचं वितळणं.

गंमत अशी की पुढच्या वर्षी मागचा जीपीएस पॉइंट घेऊन गेलात तर तिथे काहीच मिळणार नाही. बर्फ सरकलेला असतो, कुठे काही मीटर, रॉसच्या कडेला तर वर्षाला किलोमीटरच्या आसपास. आधी हिशोब करायचा की आपलं सामान आता कुठवर वाहत गेलं असेल, मग तिथे जायचं, मग बांबूचा झेंडा शोधायचा, तो निम्मा गाडला गेलेला, मग फावडं.

अख्खं स्टेशनच असं ओढून न्यायची वेळ पण आलीये. ब्रंट शेल्फवरचं ब्रिटिशांचं हॅली संशोधन स्टेशन, भेग वाढत चालली म्हणून ट्रॅक्टर लावून 23 किलोमीटर आत सरकवलं, 2016-17 च्या उन्हाळ्यात, तिथला उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत. पायांना स्की आहेत म्हणून जमलं. 2023 च्या जानेवारीत ती भेग आरपार गेली आणि दीड हजार चौरस किलोमीटरचा तुकडा सुटला.

[शेवटचा दिवस. ट्विन ऑटर विमान उतरताना]

वाऱ्याचे दोन दिवस आम्ही शूट केलेच नाहीत, कॅमेरा बाहेर काढायची हिंमत नव्हती, त्यामुळे इथून एकदम शेवटावर येतोय. भोकात केबल सोडलीये, तिच्यावर तापमान आणि क्षारता मोजणारे सेन्सर, ते खाली समुद्रात लटकत राहणार. वरचं भोक आपोआप गोठून केबलला पकडून ठेवेल, इतके दिवस ज्याच्याशी भांडत होते तेच आता कामाला आलं. डेटा सॅटेलाईट फोनवरून येत राहील, बॅटरी आहे तोवर.

विमानाचं इंजिन चालूच आहे. एक जण परत मागे पळतोय ते बांबूसाठी, मार्करने तारीख टाकायची राहिली होती.