नळ परत का येत राहिला

(सोलापुरात तरुण लेखक आणि चित्रकारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी काहींनी आपल्या अद्भुतकथा मला आधीच वाचायला दिल्या होत्या. त्यांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा भेटला. मांत्रिक हात पुढे करतो, मुलीचे डोळे पांढरे होतात आणि ती चालू लागते. प्रत्येक वेळी मला लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटलं, की तिच्या मनाचं नेमकं काय झालं? ती झोपेत चालते आहे? घाबरून चालते आहे? तिला खरोखरच तिकडे जावंसं वाटतं आहे? की आत ती जागी आहे आणि पाय तेवढे दुसऱ्याचं ऐकताहेत? हे ठरवल्याशिवाय पुढचं वाक्य लिहिता येत नाही. चित्रकाराला तर रेघही ओढता येत नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत पुष्कळ काम करून ठेवलं आहे. कान भरणं, नादी लावणं, भुरळ घालणं, भारून टाकणं, वश करणं, झपाटणं. यातला कुठलाही शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा, वाक्य लगेच खटकतं. सोलापूरकरांना तर हे शब्द तीन-चार भाषांतून कानावर पडतात. शेजारच्या कानडी घरात माट म्हणतात, तेलुगू घरात चेतबडी.

कान भरण्यापासून सुरुवात करू. वाल्मीकींच्या रामायणात रामाच्या अभिषेकाची बातमी ऐकून कैकेयी आधी आनंदते, मंथरेला दागिना देते. मंथरा तो फेकून देते, बोलत राहते, कैकेयी रामाची बाजू घेते, आणि मग हळूहळू तिला मंथरेचं पटतं. पटतं हा शब्द महत्त्वाचा. तिचं मन काम करत होतं, चुकीच्या बाजूला का होईना. हे वशीकरण नव्हे. तुलसीदासांनी मात्र इथे एक बदल केला. देवांनी विनवल्यावरून सरस्वती येते आणि मंथरेचीच बुद्धी फिरवते. प्रसंग तोच, बोलणंही जवळपास तेच, पण दोष कुणाच्या पदरात टाकायचा हे बदललं. म्हणून मी वशीकरणाच्या नेमक्या व्याख्येच्या मागे लागलो आहे. कुणाचं मन कुणाच्या ताब्यात होतं हे लेखक ठरवतो, तेव्हा तो अपराधही वाटून देत असतो.

माझं बालपण मागाच्या खडखडाटात गेलं. जेकार्डच्या मागावर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकामागून एक सरकतात, आणि कार्ड सांगेल तेवढेच ताण्याचे धागे वर उचलले जातात. चादरीवर मोर उमटतो तो असा. धागा पूर्णपणे कार्डाच्या हुकमात असतो, तरी धागा वश झाला असं आपण म्हणत नाही, कारण त्याला हरवायला स्वतःचं काही नव्हतंच. कळसूत्री बाहुली, मंत्राने उठवलेला मातीचा पुतळा, आज्ञेवर चालणारा यंत्रमानव हे सगळे मी वशीकरणाच्या यादीतून काढतो. विराटपर्वात अर्जुन संमोहनास्त्र सोडतो, कौरवांच्या हातून धनुष्यं गळतात आणि विराटाचा मुलगा उत्तर त्यांची वस्त्रं काढून आणतो, तेही काढतो. ती गुंगी आहे. परकायाप्रवेशात शरीर रिकामं असेल, तर तिथेही वश व्हायला कुणी उरलेलं नसतं.

मग काय उरतं? उरतो महाभारतातल्या नळ-दमयंतीच्या कथेतला राजा नळ. या विषयावर आपल्याकडे इतकं बारकाईने दुसरीकडे क्वचितच लिहिलं गेलं असेल, म्हणून जरा थांबू या.

कली नळाच्या शरीरात शिरायला टपलेला असतो. त्याला बारा वर्षं वाट पाहावी लागते. एका संध्याकाळी नळ लघवीहून येतो आणि पाय न धुता संध्येला बसतो, तेवढी फट कलीला पुरते. पुढे भाऊ पुष्कराशी द्यूत होतं, राज्य जातं. शेवटी पुष्कर म्हणतो, आता दमयंती पणाला लाव. आणि कली अंगात असताना नळ ते करत नाही. तो काही बोलत नाही, अंगावरचे दागिने उतरवतो आणि एका वस्त्रानिशी बाहेर पडतो.

ही कथा वनात बृहदश्व ऋषी कुणाला सांगताहेत, तर युधिष्ठिराला. ज्याच्या अंगात कुणीही शिरलं नव्हतं आणि ज्याने द्रौपदी पणाला लावली, त्याला. महाभारतकारांनी या दोघांना समोरासमोर बसवलं, हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. झपाटलेल्या माणसाने एक रेघ ओलांडली नाही आणि शुद्धीवरच्या माणसाने ती ओलांडली.

पण नळाची परीक्षा संपलेली नसते. वनातल्या एका सभागृहात दमयंती झोपलेली आहे. दोघांत एकच वस्त्र. तिथे सापडलेल्या तलवारीने तो ते अर्धं कापतो आणि निघतो. दारापर्यंत जातो, परत येतो, तिच्याकडे पाहून रडतो, पुन्हा जातो. कली एकीकडे ओढतो, प्रेम दुसरीकडे. मूळ श्लोकात झोपाळ्याची उपमा आहे. माझ्या दृष्टीने वशीकरणाची खूण हीच. आधी माणसाची स्वतःची इच्छा हवी, तिला मागे रेटणारा दुसऱ्या कुणाचा हेतू हवा, आणि रेटली गेलेली इच्छा आत जिवंत हवी. हे येणं-जाणं नसतं, तर नळ बायकोला टाकून गेलेला एक नवरा एवढाच राहिला असता. पुढे भेटीच्या वेळी तो तिला सांगतो, ते मी केलं नाही, कलीने केलं. आपण विश्वास ठेवतो, कारण तो झोपाळा आपण पाहिलेला असतो.

सगळ्यात अवघड प्रकार असा, की इच्छाच बदलली जाते. काढा पाजला आणि ती प्रेमात पडली. ती आनंदात आहे, तिच्या आत कुणी रडत नाही. माझी व्याख्या इथे अपुरी पडते का? मी यावर बरीच वर्षं विचार केला. तिथे आधीची इच्छा तिच्यात उरत नाही, ती वाचकाने जपायची असते. म्हणून काढ्याच्या आधीची तीन-चार पानं तिच्या आवडीनिवडींना द्या, तिला कशाचा राग येतो ते लिहा. ती पानं नसतील तर काढा पिणारी मुलगी आपल्यासाठी धागाच.

अंगात येण्याबद्दल कुणीतरी विचारणारच, तुळजापूर इथून किती जवळ. ज्याला संचार होतो तो देवीला बोलावतो, तिच्यासाठी जागा करून देतो. बोलावलेल्या पाहुण्याला घरफोड्या म्हणू नये. गोष्टीतही हा भेद ठेवा.

प्रत्यक्ष जगात डोळ्यांतून किरण सोडून कुणी कुणाला चालवत नाही. 1784 मध्ये पॅरिसजवळ, मेस्मर नावाचा वैद्य ज्या चुंबकशक्तीने रोगी बरे केल्याचं सांगत असे, तिची तपासणी झाली. बेंजामिन फ्रँकलिन त्या समितीत होते. एका मुलाला बागेतल्या झाडांपाशी नेलं, त्यातलं एकच झाड 'भारलेलं' होतं. तो भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला. त्याला पाडलं ते त्याच्याच कल्पनेने. वशीकरणाच्या जाहिराती मात्र आजही भिंतींवर चिकटवलेल्या दिसतात, आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला 2013 मध्ये करावा लागला.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका वाक्याची. मुलीने आपल्या मनाने जोडीदार निवडला की घरात म्हणतात, हिला कुणीतरी वश केलंय. माझ्या नात्यातल्या एका मुलीबद्दल मी हे ऐकलं आहे. ती स्वच्छ शब्दांत कारणं सांगत होती आणि समोरचे तिच्या डोळ्यांत मंत्र शोधत होते. हे बोलणाऱ्यांनी शब्द कुठून घेतले? गोष्टींतून घेतले, चित्रांतून घेतले. आपण ढिसाळपणे लिहिलेल्या पांढऱ्या डोळ्यांतून घेतले.

मघाशी एका चित्रकार मुलीने विचारलं, की डोळ्यांत भोवरे न काढता वश झालेला माणूस कसा दाखवू. तिला मी सांगितलं, नळ काढ. मागे दमयंती झोपलेली, त्याच्या हातात अर्धं वस्त्र, एक पाऊल उंबऱ्याबाहेर. डोळे नेहमीसारखेच असू देत. फक्त मान आत वळलेली.