काचेतून काच, त्यापलीकडे बाहेर: हे धरतात का?

नमस्कार. मी आत्ता बसलोय ऑफिसच्या पार मध्यभागी. समोर मीटिंग रूमची काच, मग रिकामी मीटिंग रूम, तिच्यापलीकडे बाहेरची खिडकी. त्या खिडकीत एक झाड हलतंय, मला इथून दिसतंय. तर लीड (LEED) या पर्यावरणपूरक इमारतींच्या सर्टिफिकेशनमध्ये माझी ही जागा 'बाहेरचं दिसतं' या हिशेबात येते का?

येते. लीड 2009 मध्ये स्पष्टच होतं, नजरेची रेघ आतल्या काचेतून नेलेली चालते. तेव्हा नेहमीच्या वापरातल्या 90 टक्के जागेतून बाहेरचं दिसावं लागायचं. चौथ्या आवृत्तीत आकडा 75 टक्क्यांवर आला, पण लगेच खूश होऊ नका. सोबत दृश्याच्या दर्जाच्या चार अटी आल्या, त्यातल्या दोन पाळायच्या. वेगवेगळ्या दिशांना दिसणं ही एक. झाडं-आकाश, हालचाल, निदान साडेसात मीटर लांबच्या वस्तू, यांतल्या निदान दोन गोष्टी दिसणं ही दुसरी.

आता खरी गोची. हा टेप बघा. खुर्चीत बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून 42 इंचांवर, म्हणजे साधारण 1.07 मीटर. जुन्या नियमात बसलेल्या माणसाची नजर इथेच धरायचे. आणि आडोशासाठी काचेवर लावतात तो फ्रॉस्टेड, म्हणजे धुरकट फिल्मचा पट्टा? बरोब्बर इथेच चिकटवलेला असतो! प्लॅनमध्ये, म्हणजे वरून बघितलेल्या नकाशात, रेघ आरपार जाते, सगळे टाळ्या वाजवतात. सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढला की रेघ पट्ट्यावर आपटते. काचेतून स्वच्छ चित्र दिसायला हवं. नक्षी, ठिपक्यांची छपाई, रंग बिघडवणारी छटा असली की ते दृश्य गेलं.

मग मीटिंग रूममधल्यांना आडोसा नको का? हवाच. पण त्यासाठी मीटिंगपुरता ओढायचा पडदा लावा. काच आहे हे कळून कुणी धडकू नये म्हणून खुणा मात्र लागतात.

आणि हे बहुतेक जण विसरतात: खिडकीला काटकोनात उभ्या भिंती भरीव असल्या तरी फारसं बिघडत नाही, नजर त्यांच्या कडेकडेने बाहेर जाते. आड येते ती खिडकीला समांतर भिंत. तेव्हा काचेचं बजेट तिथे घाला.

फिल्मवाला आला की आधी त्याला खुर्चीत बसवा. हा टेप हातात द्या.