घड्याळ काढताना हात कुठे थबकतो

घड्याळाची तबकडी काढा, आकडे भरा आणि काट्यांनी अकरा वाजून दहा मिनिटे झाल्याचे दाखवा, एवढीच सूचना. स्मृतिभ्रंशाची शंका चाळून पाहणारी ही चाचणी तशी पोरखेळ वाटते, पण वेळ मुद्दाम निवडलेली आहे. ‘दहा’ हे कानी पडताच हात 10 या आकड्याकडे ओढला जातो. तो मोह आवरून मिनिटकाटा 2 वर नेण्यासाठी स्मरणाबरोबर नियोजन, अवकाशाचे भान आणि स्वतःला रोखण्याची क्षमताही लागते.

आता टॅबलेटच्या पडद्यावर दोघांनी काढलेली दोन घड्याळे डोळ्यांसमोर आणा. दोन्ही अचूक आहेत आणि कागदावर दोघांनाही सारखेच गुण मिळाले असते. मात्र टॅबलेटने रेखाटनाची क्षणाक्षणाची नोंद ठेवली आहे: पहिल्या व्यक्तीने ते सलग पूर्ण केले, तर दुसरी काटे काढण्यापूर्वी बराच वेळ थांबली, मगच तिने रेघ ओढली. विचारात किती वेळ गेला आणि रेखाटनात किती, हे डिजिटल चाचणी वेगळे मोजते. 1975 पासून वापरात असलेल्या स्मरण आणि आकलन तपासणाऱ्या 30 गुणांच्या ‘मिनी मेंटल स्टेट’ चाचणीत उच्चशिक्षित माणसे सौम्य बिघाड असूनही चांगले गुण मिळवतात. तिथे ही नोंद विशेष उपयोगी पडू शकते.

बिघाड लवकर हेरणे महत्त्वाचे आहे. स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या अल्झायमरमध्ये अमायलॉइड प्रथिन मेंदूत लक्षणांच्या 15 ते 20 वर्षे आधीपासून साचू लागते. अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे अमायलॉइड हटवणारे औषधही केवळ सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे.

तरीही घड्याळाची चाचणी ही चाळणी आहे, निदान नव्हे. नैराश्य, अपुरी झोप, थायरॉइडचा विकार, बी-12 ची कमतरता किंवा काही औषधे यांमुळेही गती मंदावते. ज्याने टॅबलेट कधी हाताळलाच नाही, त्याचा संकोच आजाराच्या खात्यात जमा होण्याचा धोका असतो. चाचणी वारंवार दिली की सरावाने गुण वाढतात, ते वेगळेच. त्यामुळे निकाल शंकास्पद आल्यास डॉक्टर सविस्तर तपासणी करतात, रक्त तपासतात, मेंदूचा एमआरआय काढतात आणि गरज भासल्यास मेंदूच्या पीईटी (PET) स्कॅनने किंवा पाठीच्या कण्यातील द्रवाच्या तपासणीने अमायलॉइडचा शोध घेतात. लक्षणे नसलेल्या ज्येष्ठांची सरसकट चाळणी करावी की नाही, हे ठरवण्यास पुरावा अपुरा असल्याचे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2020 मध्ये नमूद केले; विसरभोळेपणाची तक्रार स्वतः रुग्ण किंवा कुटुंबीय करत असतील, तर मात्र तपासणी लांबवण्याचे कारण नाही.