पाटावरचं पातं, पर्समधलं पातं

(नौपाडा, ठाणे इथे एका महिला मंडळाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. शब्दांकन करताना हशा गाळला आहे, विषयांतरं मात्र गाळता आली नाहीत.)

नमस्कार. माइक थोडा खाली घ्या हो. हां, आता ठीक.

पत्रिकेत विषय छापलाय, चाकू बाळगणाऱ्या आणि जमवणाऱ्या स्त्रिया. त्यात ‘चाकू’ला अवतरणचिन्हं दिलीत, जसं काही ते कुणाचं टोपणनाव आहे. ती चिन्हं काढून टाका. ज्यानं पेरू कापतात त्या चाकूबद्दलच आज बोलायचंय.

संध्याकाळची ठाणे लोकल आठवा, बायकांचा सेकंड क्लास. दादरची झुंबड आटोपली, बूड टेकायला जागा मिळाली, की पिशव्या उघडतात. मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते. कुणीतरी पर्समधून प्लास्टिकच्या मुठीची दातेरी सुरी काढते आणि डब्याच्या झाकणावर फरसबी चिरायला घेते. घाटकोपरपर्यंत भाजी तयार. अशा सुऱ्या त्या डब्यात रोज येतात-जातात, पण त्याला कुणी ‘चाकू बाळगणं’ म्हणत नाही, घरकाम म्हणतात. आता त्याच बाईनं त्याच पर्समधून मिटणारा चाकू काढला, पातं त्या सुरीपेक्षा दोन बोटं आखूडच, आणि खट्‌कन उघडला. शेजारची बाई आधी हाताकडे बघेल, मग तोंडाकडे, आणि विचारेल, “हे कशाला गं?”

हा ‘कशाला’ आला कुठून, ते आज सांगायचंय. पण त्यासाठी आधी विळीपाशी बसावं लागेल.

विळी नीट बघा. लाकडी पाट, त्यात खाच, खाचेत पाचर मारून उभं केलेलं वाकडं पातं, टोकाला खवणी. कोळणींकडे तीच मोरळी होते, मालवणीत आडाळी. चाकूत हात हलतो आणि भाजी गप्प पडून असते. विळीवर पातं गप्प उभं असतं आणि भाजी हलते. पाटावर पाय दाबून बसलं की दोन्ही हात मोकळे, म्हणून बुळबुळीत मासा दोन्ही हातांनी धरून पात्यावर दाबता येतो. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात मावशी सुरमईच्या तुकड्या पाडतात तेव्हा त्यांचे हात बघू नका, पाय बघा. सगळं वजन तिथे असतं. पाय सुटला की पाट उलटतो आणि पातं अंगावर येतं.

विळीचं बिघडतं ते सहसा पात्यात नाही, पाचरीत. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की पातं डुगडुगायला लागतं आणि काप तिरके पडतात. बाई म्हणते, धार गेली. धार शाबूत असते. बांबूची एक पातळ कामटी ठोकली की काम झालं. मिटणाऱ्या विळीचा घोटाळा रिव्हेटमध्ये असतो. तो सैल झाला की नारळ खवताना पातं मागे कलंडतं. तिथे कामटी चालत नाही, रिव्हेटच बदलायचा.

आणि ह्या पात्याची धार असते बसलेल्या बाईच्याच दिशेला. ते पाटाला जखडलेलं असतं, जागचं हलत नाही. अशा पात्याची आपल्याकडे कुणाला भीती वाटत नाही. पाचवीच्या पूजेला कोयता नाहीतर विळी मांडतात. बाळंतिणीच्या उशाखाली सुरी ठेवतात. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार देतात, ती घेऊन तो आठ तास फिरतो, फोटो काढतो, मांडवातल्या पोरांना कडेवर घेतो, आणि कुणी त्याला ‘कशाला रे’ विचारत नाही. खरं तर विचारायला हवं, लिंबू पडलेलं असतं.

पुढे स्वयंपाकघरात ओटा आला. बाई उभी राहिली, विळीवरचा पाय सुटला, आणि पाय सुटल्यावर विळी ओट्यावर नाचायला लागली. म्हणून सुरी आली. पातं पाटावरून सुटून बाईच्या मुठीत आलं, ते उभं राहून काम करायचं म्हणून. मुठीतून पर्समध्ये यायला मग वेळ लागला नाही. ओट्यापर्यंत कुणाची हरकत नव्हती. उंबरा ओलांडला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

आता माझी जुनी तक्रार. संयोजक, घड्याळ बघू नका.

बाईचे चाकू कुणी पाहिले की नवऱ्याकडे वळून एक विनोद होतो, “सांभाळून राहा हं!” चाकू जमवणाऱ्या प्रत्येकीला तो पाठ आहे. वीज मंडळाचा माणूस करतो, गॅसवाला करतो, व्याही करतात. हसलात? तिसऱ्या रांगेत कुणीतरी आत्ता शेजारच्याला हेच सांगितलं, मला दिसलं. पुरुषाकडे बारा चाकू असले की तो हौशी. बाईकडे बारा असले की एकतर तिच्यावर काही प्रसंग ओढवलाय किंवा ती कुणावर ओढवणार आहे. तिसरी शक्यता, की तिला पोलाद आवडतं, ती कुणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून बऱ्याच जणी अडकित्त्यापासून सुरुवात करतात. पितळी, मोराच्या आकाराचा, शोकेसमध्ये ठेवला की पाहुणे ‘वा’ म्हणतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असे अडकित्ते रांगेनं मांडलेत, जाऊन बघा. पातंच आहे, पण मोर आहे ना, मग चालतं. जाता जाता, जुना अडकित्ता चिंच-मिठानं घासू नका. शंभर वर्षांचा रंग पाच मिनिटांत जातो, आणि तो परत आणायला शंभर वर्षंच लागतात.

तक्रारीचा दुसरा भाग, ‘लेडीज चाकू’. तोच चाकू, मूठ बारीक केलेली आणि गुलाबी. रंगाचं सोडा, मूठ बारीक करणंच चूक. मूठ बारीक असेल तर घट्ट आवळावी लागते आणि मनगट लवकर भरून येतं. मूठ पकडल्यावर बोटांची टोकं अंगठ्याखालच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत. नखं रुतली तर मूठ बारीक, टोकं पोचलीच नाहीत तर जाड. दुकानात पात्याआधी हे बघायचं. मिटणाऱ्या चाकवाला नखाची खाच असते. नख तुटतं म्हणून बायका तो नको म्हणतात. नख लावायचंच कशाला? पातं दोन्ही अंगांनी चिमटीत धरून ओढा. तरी घट्ट असेल तर आत पर्समधला कचरा अडकलेला असतो. काडीनं तो काढा, कोमट साबणपाण्यात दहा-वीस वेळा उघडझाप करा, खडखडीत कोरडा करा, बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. दोन थेंब घातलेत तर पुढच्या महिन्यात दुप्पट कचरा.

बिनकुलपाच्या चाकवात पातं फक्त स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. टोक कशात खुपसून दाबलं की तो मिटतो आणि आत बोटं सापडतात. जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत एका पक्षानं बायकांना स्वसंरक्षणासाठी छोटे चाकू वाटले. वाटले ते वाटले, पण आखूड पात्याचा चाकू झटापटीत हिसकावून घेतला जातो, आणि मुठीला आडवी पट्टी नसेल तर घामट हात घसरून धारेवर जातो. चाकू जमवणाऱ्या बायका हे चांगलं जाणतात, म्हणून त्या भांडायला चाकू नेत नाहीत, आंबा कापायला नेतात.

बरं, धार. पाच मिनिटं घेणार आहे, दहा लागतील.

दारावर धारवाला येतो, सायकलच्या चाकावर दगड फिरवतो, ठिणग्या उडतात, पोरं खूश. पण ठिणगी म्हणजे उष्णता. कोरड्या दगडावर पातळ धार तापते. साध्या पोलादावर पिवळसर झाक आली, मग निळी-जांभळी आली, की पात्याचा तो भाग ३०० अंशांच्या आसपास गेलाय आणि मऊ पडलाय. त्या दिवशी टोमॅटो सुरेख कापला जातो, आठवड्यात सुरी पुन्हा बोथट. चांगला धारवाला जवळ पाण्याचा डबा ठेवतो आणि दर दोन फेऱ्यांनी पातं बुडवतो. डबा नसेल तर त्याला चहा पाजा आणि सुरी परत घ्या.

घरी करायचं तर हजार नंबरचा पाण्याचा दगड. दहा मिनिटं बुडवून ठेवा, खाली ओलं फडकं, म्हणजे सरकणार नाही. कोन महत्त्वाचा, आणि तो पट्टीनं मोजता येतो. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सेंटिमीटरभर उचला, पंधरा अंश झाले. खिशातल्या चाकवाचं पातं दोन सेंटिमीटरचं, त्याची पाठ सात मिलिमीटर, वीस अंश. मुठीकडून टोकाकडे एकाच अंगानं घासत राहा. किती वेळा? दुसऱ्या अंगाला कोर उलटेपर्यंत. कारखान्यात त्याला बर म्हणतात. पाठीकडून धारेकडे अंगठा आडवा ओढला की खरखर लागते. धारेच्या लांबीनं बोट कधीही फिरवायचं नाही. ही खरखर मुठीपासून टोकापर्यंत लागली की पातं उलटायचं. नव्वद टक्के बायका इथेच चुकतात आणि शंभर टक्के पुरुष, कारण ते मोजून वीस वेळा घासतात आणि झालं म्हणतात. बर आली नाही म्हणजे दगड अजून धारेपर्यंत पोचलेलाच नाही. दुसऱ्या अंगाची बर आली की एकआड एक हलके हात, आणि शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर उलटं, म्हणजे पाठ पुढे ठेवून, ओढायचं. दगड नसला तर चिनीमातीचा कप पालथा घाला. बुडाला बिनचकाकीचं खरबरीत कडं असतं, रोजच्या सुरीला तेवढं पुरतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणतात. आणि ज्यासाठी आपण जमलो तो विषय अजून पर्समध्येच आहे. भराभर सांगते.

पहिलं म्हणजे हे काही आजचं खूळ नाही. अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेली, शीख बाई कृपाण बाळगते. राज्यघटनेच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करण्याचा उल्लेख आहे आणि तिथे बाई-पुरुष असा भेद नाही. जपानमध्ये सामुराई घराण्यातल्या स्त्रिया काइकेन नावाची आखूड कट्यार ठेवायच्या, आजही पारंपरिक पोशाखातली नवरी ती कमरपट्ट्यात खोवते. आणि जगात सगळ्यात ओळखीचा जो खिशातला लाल स्विस चाकू, त्याचं नावच एका आईचं आहे. कार्ल एल्सनरनं १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. १९०९ मध्ये आई वारली, तेव्हा त्यानं मालाला तिचं नाव दिलं, व्हिक्टोरिया. १९२१ मध्ये कारखान्यात न गंजणारं पोलाद आलं, त्याचं फ्रेंच नाव इनॉक्स जोडलं आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. पुरुष अभिमानानं खिशात घेऊन फिरतात ते एका बाईचं नाव. त्यातला सगळ्यात छोटा मिटवल्यावर ५८ मिलिमीटर भरतो, कात्री आणि चिमटा धरून. त्याला पाहून कुणी ‘कशाला’ म्हणत नाही, कारण कात्री आहे. नजर कशी चालते बघा, पात्याशेजारी घरकामाचं काही दिसलं की ती शांत होते.

दुसरं, कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या नियमांतल्या अनुसूचीत, म्हणजे शस्त्रांच्या यादीत, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेले वगळून. म्हणून तुमचा रुंद कोयता घरात निर्धास्त असतो आणि तेवढीच कट्यार नसते. पण एवढ्यावर विसंबू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली ठाणे काय, नवी मुंबई काय, पोलीस आयुक्तालय सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश काढतं. त्यात सुरीच काय, काठीसुद्धा येते आणि तिथे इंच मोजत नाहीत. पेपरात आदेश वाचला की चाकू घरी. विमानात केबिनच्या सामानात नाही, खाली जाणाऱ्या बॅगेत. मॉलच्या दारात तपासणाऱ्या बाईशी हुज्जत घालू नका, ती तिचं काम करतेय. ‘फळ कापायचा आहे’ म्हणा, आणि पिशवीत फळ असू द्या.

तिसरं, जमवणाऱ्यांसाठी, एका दमात. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून पावसाळा काढू नका. चामडं ओल धरतं आणि आपली खाडीची हवा बाकीचं करते. सुती कापडात ठेवा, जवळ सिलिका जेलची पुडी. केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन पुसटसं लावा, गोडेतेल नको, ते चिकट होतं. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पुसा, पात्यावर बोटांचे ठसे राहिले तर घामातल्या मिठानं तिथूनच गंज धरतो. साध्या पोलादावर करडा-निळा रंग चढला तर चढू द्या, तांबूस दिसला तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट करून त्याच दिवशी घासा.

आणि नजरेचं... वेळ संपली म्हणतात. एवढंच सांगते, ‘कशाला?’ विचारलं तर खुलासे देत बसू नका. चाकू मिटवा, मूठ पुढे करून त्यांच्या हातात द्या. उघडता येतो का बघा म्हणावं. बहुतेकांना येत नाही, आणि मग ते धारेबद्दल विचारायला लागतात.

मागच्या टेबलावर तीन सुऱ्या, एक विळी आणि किलोभर टोमॅटो आहेत. धार बघायला अंगठा लावू नका, वर्तमानपत्र ठेवलंय. विळीची पाचर मुद्दाम सैल ठेवलीय, कामट्या शेजारी आहेत. सभागृह नऊला रिकामं करायचंय, तेव्हा टोमॅटो कापून झाले की त्याची कोशिंबीर तिथेच करा. मीठ आणलंय.