टेकडीच स्मारक: कॅसल क्रॅग

(ड्रोन: ग्रेंज गाव, नदी, दोन्ही बाजूंचे कडे)
इंग्लंडच्या उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्टमधलं बॉरोडेल खोरं. इथे ते इतकं आवळतं की डर्वेंट नदी आणि रस्ता जेमतेम मावतात. या जागेला बॉरोडेलचा जबडाच म्हणतात. नदीच्या पश्चिमेला झाडीतून डोकं वर काढलेली ही टेकडी, कॅसल क्रॅग. उंची फक्त 290 मीटर, पण चढ पाहा.

(नागमोडी वाट, पाय, घसरणाऱ्या कपच्या)
पायाखाली माती नाहीच, सगळा जुन्या खाणीचा राडारोडा. शाळेच्या पाटीचा असतो त्याच जातीचा हा दगड. छपरांसाठी तो काढायचा आणि उरलेल्या कपच्या उतारावर लोटायच्या. वरच्या खाणीत या चपट्या शिळा उभ्या करून ठेवल्यात. थडगी वाटतात, पण ती येणाऱ्याजाणाऱ्यांची हौस.

खरं स्मारक माथ्यावर आहे.

(खडकात बसवलेली पाटी. जवळून. निवेदन नाही.)

सेकंड लेफ्टनंट जॉन हेमर. जन्म जुलै 1897. मृत्यू 22 मार्च 1918, पहिल्या महायुद्धात जर्मनीचं वसंतातलं मोठं आक्रमण सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. खाली नावं आहेत ती याच खोऱ्यातल्या, युद्धात गेलेल्या माणसांची.

(माथ्यावरून: डर्वेंटवॉटर, मागे स्किडॉ)
वडील विल्यम हेमर लंडन काउंटी कौन्सिलचे आरोग्य अधिकारी. 1920 मध्ये हेमर कुटुंबाने हा माथा नॅशनल ट्रस्टला, म्हणजे निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, दिला. मुलाचा पुतळा करता आला असता. त्यांनी जमीन दिली, आणि स्मारकात शेजारपाजारची मुलंही घेतली. मला यातलं दुसरं अधिक मोठं वाटतं.

(समोरचा डोंगर)
कल्पना खोऱ्याला नवी नव्हती. समोर दिसतंय ते किंग्ज हाउ. 1910 मध्ये राजकन्या लुईझ हिने तो डोंगर आपल्या भावाच्या, राजा सातव्या एडवर्डच्या स्मृतीला वाहिला. म्हणजे जबड्याच्या एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला खोऱ्यातले शिपाई.

अशा दानामागे कायद्याचं बळ आहे. 1895 मध्ये स्थापन झालेल्या ट्रस्टला 1907 च्या कायद्याने एक अधिकार दिला: एखादी जमीन ट्रस्टने अविक्रेय ठरवली, की ती पुढे त्यालाही विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. दगड मिळतो म्हणून टेकड्याच्या टेकड्या संपवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे कलम वाचावं.

(उतारावरची गुहा)
ही गुहासुद्धा खाणीचीच. लंडनची विमा कंपनीतली कारकुनी सोडून आलेला मिलिकन डाल्टन कित्येक उन्हाळे इथे राहिला आणि लोकांना गिर्यारोहण शिकवत राहिला.

(माथ्याकडे येणारे लोक)
विल्यम गेल्यावर लेडी हेमर यांनी त्यांच्या आठवणीसाठी आणखी जमीन दिली. वर यायला तिकीट नाही. गर्दीने वाटा झिजतात, त्या दुरुस्त कराव्या लागतात. ग्रेंज गावाहून या किंवा रोस्थवेट गावाहून, दोन्हीकडून पायीच यावं लागतं.