दहा रुपयांचं युनिट

(दृश्य: जुनी मुंबई, फोर्टातल्या इमारती, सकाळची लोकल)

सोमवार, २ जुलै २००१. युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया या सरकारी गुंतवणूक संस्थेनं जाहीर केलं, की यूएस-६४ या म्युच्युअल फंड योजनेच्या युनिटची, म्हणजे तिच्यातल्या हिश्श्यांची, खरेदी-विक्री सहा महिने बंद. पैसे तुमचेच, पण काढता येणार नाहीत.

देशभरात या योजनेचे सुमारे दोन कोटी युनिटधारक होते. त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी शेअर घेतला नव्हता. शेअरबाजार म्हणजे सट्टा, ही घरातली शिकवण. म्हणूनच तर त्यांनी युनिट घेतले होते.

गुंतवणूक शिकवणारे बहुतेक जण चक्रवाढीच्या तक्त्यापासून सुरुवात करतात. महिन्याला इतके टाका, तीस वर्षांनी करोडपती व्हा. तो तक्ता खोटा नाही, पण त्यात जोखमीचा रकानाच नसतो. यूएस-६४ मध्ये तो रकाना ठसठशीत दिसतो.

(दृश्य: युनिट प्रमाणपत्राचा जुना कागद)

संसदेनं १९६३ मध्ये कायदा केला, युनिट ट्रस्ट स्थापन झाला आणि १९६४ मध्ये ही पहिली योजना आली. युनिटची दर्शनी किंमत दहा रुपये. कल्पना साधी आणि चांगली होती. पगारदार माणसाला एकट्यानं पन्नास कंपन्यांचे शेअर घेणं परवडत नाही, कुठले घ्यावेत हेही कळत नाही. तेव्हा हजारो जणांचे पैसे एकत्र करायचे, जाणकारांनी ते शेअर आणि कर्जरोख्यांत गुंतवायचे, आणि प्रत्येकाला त्याच्या रकमेप्रमाणे युनिट द्यायचे. आजचा प्रत्येक म्युच्युअल फंड याच पायावर उभा आहे.

मग एका युनिटची किंमत किती? फंडाकडे असलेल्या शेअर-रोख्यांची आजची बाजारकिंमत घ्या, देणी वजा करा, युनिटच्या संख्येनं भागा. शंभर कोटींची मालमत्ता आणि दहा कोटी युनिट असतील, तर एक युनिट दहा रुपयांचं. याला एनएव्ही म्हणतात, आणि आज प्रत्येक फंडाला ती कामकाजाच्या दर दिवशी जाहीर करावी लागते.

यूएस-६४ मध्ये हा भागाकार जाहीरच होत नव्हता. भाव संस्था ठरवायची. जुलैत तो सर्वांत कमी, मग महिन्यागणिक चढत मे महिन्यापर्यंत जायचा, आणि वर्षाअखेर लाभांश यायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा लाभांश दर्शनी किमतीच्या २६ टक्क्यांपर्यंत गेला. वर्ष चालू असताना भाव खाली आलेला कोणी पाहिला नव्हता. लोकांनी त्याला बँकेच्या ठेवीच्या पंक्तीत बसवलं, त्यात त्यांची काही चूक नाही. समोर दिसत तसंच होतं.

आत मात्र चित्र बदलत होतं. फंडातला शेअरचा वाटा वाढत निम्म्याच्या वर गेला. बाहेरून ठेव, आतून शेअरबाजार. १९९८ मध्ये उघड झालं, की योजनेची गंगाजळी, म्हणजे राखीव निधी, उणे एक हजार कोटींच्याही खाली गेली आहे. एचडीएफसीचे तेव्हाचे अध्यक्ष दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिनं सांगितलं, की युनिटचा भाव एनएव्हीशी जोडा. सरकारनं मदत केली, १९९९-२००० मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या शेअरची लाट आली, आणि तो सल्ला अंमलात यायचा राहिला. २००१ मध्ये लाट ओसरली, बाजार कोसळला. जाहीर भाव मात्र चौदा रुपयांच्या वरच.

एप्रिल आणि मे २००१. मोठ्या कंपन्यांनी आपले हजारो कोटी रुपये त्या चढ्या भावानं काढून घेतले. यानं मागे राहिलेल्यांचं काय होतं, ते चार माणसांवरून बघू.

(दृश्य: कोऱ्या पाटीवर खडूनं आकडे)

चौघांनी मिळून फंड केला, प्रत्येकाकडे एक युनिट. फंडात चाळीस रुपयांचा माल, म्हणजे युनिटची खरी किंमत दहा. पण पाटीवर भाव लिहिला आहे चौदा. दोघांना आतली खबर लागली, ते चौदा-चौदा घेऊन बाहेर पडले. अठ्ठावीस रुपये गेले, उरले बारा. आता राहिलेल्या दोघांच्या वाट्याला सहा-सहा. त्यांनी काहीच केलं नाही, बाजारही तसूभर हलला नाही, तरी त्यांचे चार-चार रुपये दुसऱ्यांच्या खिशात गेले.

या योजनेची एनएव्ही अखेर जाहीर व्हायला लागली, २००२ च्या सुरुवातीला. ती सहा रुपयांच्या आत होती.

पुढे सरकार धावून आलं. पाच हजार युनिटपर्यंत प्रत्येकी बारा रुपये आणि त्यावरच्या युनिटना दहा, अशी हमी दिली गेली. २००३ मध्ये युनिट ट्रस्टचे दोन तुकडे झाले आणि यूएस-६४ च्या जागी पावणेसात टक्के व्याजाचे करमुक्त रोखे देण्यात आले. छोटा गुंतवणूकदार बऱ्यापैकी वाचला, पण बिल करदात्यांच्या नावे फाटलं. आजच्या कोणत्याही फंडामागे अशी सरकारी हमी नाही.

(दृश्य: दलाल स्ट्रीट, निर्देशांकाचा फलक)

जोखीम म्हणजे भावाचे चढउतार, असं पाठ्यपुस्तकात असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. जानेवारी २००८ मध्ये मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स २१ हजारांवर होता, मार्च २००९ मध्ये आठ हजारांच्या आसपास. २०१० च्या दिवाळीत तो पुन्हा २१ हजारांना शिवून आला, आणि ती पातळी कायमची मागे टाकायला २०१४ चा मार्च उजाडला. म्हणजे ऐन शिखरावर पैसे घातलेल्या माणसाचं मुद्दल पक्कं सुटायलाच सहा वर्षं लागली. मधल्या काळात मुलाची फी भरायची असती, तर अर्ध्या किमतीत विकावं लागलं असतं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांनी पडला, पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो जुन्या शिखराच्या वर होता. कुठली पडझड लवकर भरून निघेल आणि कुठली रेंगाळेल, हे आधी कुणालाही सांगता येत नाही. सांगतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

पण हे चढउतार निदान डोळ्यांसमोर असतात. रोज हलणारी एनएव्ही बघून पोटात गोळा येतो, तरी मला ती सरळ रेषेत चढणाऱ्या भावापेक्षा जास्त भरवशाची वाटते. सरळ रेष दिसली, की ती कोण आखतंय हे विचारावं.

न दिसणारी जोखीम २०२० मध्ये पुन्हा भेटली, तीही शेअरमध्ये नव्हे, कर्जरोख्यांत. २३ एप्रिलला फ्रँकलिन टेम्पलटन या फंड कंपनीनं आपल्या सहा डेट, म्हणजे कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या, योजना एकदम बंद केल्या. जवळपास २६ हजार कोटी रुपये अडकले. त्यांतल्या एका योजनेचं नाव होतं अल्ट्रा शॉर्ट बॉन्ड फंड. नाव ऐकून कोणालाही वाटेल, चार-सहा महिन्यांची सोय. पण या योजनांनी जादा व्याजासाठी कमी पत असलेल्या कंपन्यांचे रोखे मोठ्या प्रमाणात घेतले होते. टाळेबंदीत त्या रोख्यांना गिऱ्हाईक उरलं नाही आणि इकडे पैसे मागणाऱ्यांची रांग लागली. पुढे रोख्यांची वसुली होत गेली आणि बंद करतानाच्या मूल्यापेक्षाही जास्त रक्कम गुंतवणूकदारांना परत मिळाली. पण टप्प्याटप्प्यानं, काही वर्षांत. ज्याला मे महिन्यात रुग्णालयाचं बिल भरायचं होतं, त्याला हा हिशेब काय कामाचा?

तेव्हा फंड निवडताना पहिला प्रश्न 'किती टक्के मिळतील' हा नसतो. 'हे पैसे मला कधी लागणार' हा असतो. वर्ष-दोन वर्षांत लागणारे पैसे शेअरमध्ये नकोत. बँकेची ठेव किंवा चांगल्या पतीच्या अल्पमुदतीच्या रोख्यांचा फंड पुरे. सहा महिन्यांचा घरखर्च तर तिथेच हवा. सात-दहा वर्षांनी लागणाऱ्या पैशांना मात्र शेअरचा आधार लागतो, कारण ठेवीलाही जोखीम आहे, फक्त ती पासबुकात छापत नाहीत. समजा बँक सात टक्के व्याज देते आणि तुम्ही तीस टक्के कराच्या टप्प्यात आहात. हातात येतात ४.९ टक्के. महागाई पाच टक्के असली, तर पैसे वाढले आणि खरेदीची ताकद घटली.

(दृश्य: एका फंडाची फॅक्टशीट, बोट ओळींवरून सरकतं)

पुढचा प्रश्न: आत काय आहे? पूर्वी फंडाच्या नावावरून काही कळायचं नाही. २०१७ मध्ये बाजाराची नियामक संस्था सेबीनं प्रकार ठरवून दिले. लार्ज कॅप फंडाचे किमान ८० टक्के पैसे बाजारमूल्यानं पहिल्या शंभर कंपन्यांतच हवेत. १०१ ते २५० क्रमांकांच्या कंपन्या मिडकॅप, त्याखालच्या स्मॉलकॅप. शेजारच्यानं स्मॉलकॅपमध्ये वर्षात चाळीस टक्के कमावले, हे ऐकून तिथे धावू नका. ते चाळीस टक्के त्याला मिळालेले आहेत, तुम्हाला पुढचं वर्ष मिळणार आहे. पहिलाच फंड घेणाऱ्यानं निफ्टी ५० चा साधा इंडेक्स फंड, म्हणजे त्या निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड, घेतला, तरी काही बिघडत नाही. लार्ज कॅप फंडांपैकी बरेचसे दीर्घ काळात निर्देशांकाच्या मागेच पडले आहेत, आणि इंडेक्स फंडाचा खर्चही कमी असतो.

खर्चाचा मुद्दा जरा आकड्यांत. एक लाख रुपये वीस वर्षं ११ टक्क्यांनी वाढले, तर ८ लाख ६ हजार होतात. १० टक्क्यांनी वाढले, तर ६ लाख ७३ हजार. एका टक्क्याच्या फरकानं मूळ रकमेपेक्षाही जास्त पैसे गेले. प्रत्येक योजनेचा एक रेग्युलर प्लॅन असतो आणि २०१३ पासून एक डायरेक्ट प्लॅनही. फंड तोच, शेअर तेच. रेग्युलरमध्ये विक्रेत्याचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशांतून वळतं होतं. तो विक्रेता पडत्या बाजारात तुम्हाला थोपवून धरत असेल, तर त्याचे पैसे त्यानं कमावले. नुसता फॉर्म भरून घेऊन गायब होत असेल, तर डायरेक्ट बरा.

फंडाच्या माहितीपत्रकावर, म्हणजे फॅक्टशीटवर, जोखीम दाखवणारा सहा पायऱ्यांचा रिस्कोमीटर असतो, तो बघाच. डेट फंड असेल तर कोणत्या पतीचे रोखे किती, हा तक्ताही बघा. आणि 'दर महिन्याला लाभांश' असं कोणी सांगितलं, तर लक्षात असू द्या, की ते वाटलेले पैसे तुमच्याच युनिटमधून जातात आणि एनएव्ही तेवढी उतरते. हाच घोळ होतो म्हणून २०२१ पासून सेबीनं या पर्यायाचं नाव बदलून त्यात भांडवल काढून घेतल्याचा उल्लेख सक्तीचा केला.

मग उरतं ते पॅन, केवायसी आणि बँक खात्याचं काम. फॉर्मवरचा नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका. आई-वडिलांच्या कपाटात जुने फोलिओ क्रमांक, म्हणजे फंडातले खाते क्रमांक, सापडले, तर २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'मित्रा' या सोयीवर त्यांचा शोध घेता येतो.